वेणूच्या शेतातला बाण

मित्रांनो, उंबरटेपच्या फाट्यावरून तुम्ही कधी गेला असाल, तर तुम्ही मला पाहिलंही असेल, पण घाईघाईतच. मी एक जुनी सागाची फळी आहे. दोन खांबांवर उभी, अंगावर अक्षरं रंगवलेली. माणसं माझ्याकडे बघतात ती वाट कळण्यापुरती, आणि कळली की चालू लागतात. त्याचं मला काही वाटत नाही. मला खातं ते दुसरंच, आणि ते बोलायचं म्हटलं की अजून चोरट्यासारखं होतं. पण सांगते. न सांगितल्याने काय होतं ते मी बघितलं आहे.

मी कुठल्या रानात वाढले ते मला आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती पनवेलच्या खाडीकाठच्या एका मिठागरापासून. मिठागराच्या बांधाला पाणी आत घ्यायचा एक दरवाजा असतो. त्या दरवाजात मी बसवलेली होते. भरती आली की मला वर उचलायचं, हवं तेवढं खारं पाणी आत घ्यायचं आणि मला पुन्हा खाली सोडायचं. एवढंच काम, पण चुकलं तर सगळं मीठ पाण्यात. हे काम मिठागर चालवणाऱ्या घरातली मोठी सून करायची. तिचं नाव वेणू. नवी नवरी होती तेव्हा मला उचलून उचलून तिचे तळहात सोलवटले होते, पण बाईने हूं की चूं केलं नाही. सासरा मात्र सगळ्यांना सांगत सुटायचा, "पोर गुनाची हाय बरं का!"

तिचा धाकटा दीर जगन. तो बांधावर बसून शेंगा खायचा आणि म्हणायचा, "वयनी, जोर लाव, जोर लाव!" वेणू म्हणायची, "तुमी नका हो लावू, भावजी, तुमच्या हाताला घट्टे पडतील!" आणि दोघंही हसायची. जगन वाईट मुळीच नाही. फक्त चारचौघांत आपलं नाव व्हावं, कुणी पुढची खुर्ची द्यावी, याची त्याला लहानपणापासून भारी हौस.

पुढे मिठागर एका मोठ्या सरकारी प्रकल्पात गेलं. एक दिवस माणसं आली, त्यांनी खुंट्या ठोकल्या, आणि आमचं काम संपलं. सासरा पुढे कितीतरी दिवस सकाळी उठून खाडीकडे जायचा आणि तसाच परत यायचा. मला जगनने उंबरटेपला, घरी नेलं. तिथे माझ्यावर कोंबड्या बसायच्या. ज्या अंगावरून भरतीचं पाणी खेळलं, त्या अंगावर कोंबड्या काय काय करून ठेवतात ते मी तुम्हाला सांगत नाही! सासरा गेला, मग वेणूचा नवराही गेला. वाटणीत वेणूच्या नावावर एक शेत आलं, फाट्याला लागूनच. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच ओलीवर वाल. तिला एकच मुलगी, निशा, उरणला दिलेली. शेत हाच तिचा खरा सोबती. सकाळी येऊन ती वालाशी बोलत बसायची, आणि कुणी ऐकलं तर लाजायची.

आता, निशा नावाची आणखी एक बाई या गोष्टीत आहे. गोंधळ नको म्हणून तिला मी निशा मॅडमच म्हणते, सगळे तसंच म्हणतात. नवीन पनवेलला राहतात, बँकेत नोकरी. शनिवार-रविवार आला की पायात बूट घालून निघाल्याच. त्यांच्या डोक्यात एक कल्पना होती. पूर्वी आमच्या मिठागरांतलं मीठ डोक्यावरून डोंगरातल्या वाड्यांपर्यंत जायचं. बायका मीठ नि सुकी मासळी घेऊन वर चढायच्या आणि तांदूळ, नाचणी घेऊन उतरायच्या. ती वाट पुन्हा शोधायची, खाडीपासून कर्नाळ्याच्या बाजूने थेट प्रबळगडाच्या पायथ्यापर्यंत, म्हणजे माणसाला गावागावांत मुक्काम करत काही दिवस चालता येईल. नावही ठरलं, मीठवाट. आजूबाजूला सगळीकडे इमारती उठत असताना बाई पायवाट शोधत होत्या. मला तर त्या तेव्हाच आवडल्या.

दिवाळीपासून त्या आणि त्यांचा गट फिरला. म्हाताऱ्या बायकांना घेऊन फिरला. कुणी सांगायचं, "इथं चिंच होती, तिच्या सावलीत पाट्या उतरवायचो." मग तिथल्या झाडाला पिवळी चिंधी बांधायची. अशा चिंध्या बांधत बांधत ती मंडळी उंबरटेपच्या फाट्याला आली. इथे खरी वाट बांधावरून जाते. वेणूच्या शेताला वळसा घालते आणि खालच्या पाड्यातून पुढे निघते. आणि वेणूच्या शेतातून सरळ आडवं गेलं, तर माणूस नेमका जगनच्या अंगणात उतरतो.

वाट दाखवायला जगन सोबत होता. त्याने बांधाकडे बघितलं, अंगणाकडे बघितलं. "बांध खचलाय मॅडम," तो म्हणाला. "यथून शेतातून घ्या. माझ्या घरी चुलीवरचं जेवान, झोपायला वसरी. सगला बघतो मी."

बांध कुठेही खचलेला नव्हता.

निशा मॅडमनी विचारलं बरं का! त्या अगदी थांबून म्हणाल्या, "पण जगनकाका, हे शेत कोणाचं? त्यांची परमिशन लागेल आपल्याला. वाल दिसतोय पेरलेला."

"आमचाच हाय. वयनीचा, म्हंजे आमचाच की! तिला इचारलंय मी. हां बोलली ती."

वेणू तेव्हा उरणला होती, मुलीच्या बाळंतपणाला. फोन केला असता तर लागला असता. पण आमच्याकडे ही एक खोड आहे. भावकीतलं सगळं आपलंच, मग विचारायचं काय? थोरली वहिनी, तिने लहानपणी जेवू घातलेलं, ती काय नाही म्हणणार आहे? जगनने तिच्या वतीने होकार देऊन टाकला आणि त्याला त्यात खोटं बोलल्यासारखंही वाटलं नसावं. तेव्हा तरी नसावं.

फाट्यावर मोठी पाटी हवी होती. जगनने मला कोंबड्यांखालून ओढून काढलं. पनवेलचा ताहेर सुतार आला. त्याने माझ्यावर रंधा मारला आणि एक छिलका नाकाजवळ धरून म्हणाला, "माशाल्ला, काय लाकूड आहे! एवढं खारं पाणी पिऊन कीड नाही लागली हिला." खरं सांगते, मी फुलून गेले. इतक्या वर्षांनी कुणी मला लाकूड म्हणून बघितलं होतं. त्याने पांढरी अक्षरं काढली, 'मीठवाट', आणि खाली एक लांबलचक पिवळा बाण. मला रोवलं तेव्हा तो बाण वेणूच्या वालाकडे रोखलेला होता. ते मला दिसत होतं. वेणूचे हात मी ओळखते, तिचं शेत मला ठाऊक होतं, आणि तरीही त्या दिवशी मला माझ्या रंगाचंच कौतुक जास्त वाटलं.

पौषात वाटेचं उद्घाटन झालं. नारळ फुटला, जगनला शाल मिळाली, फोटो निघाले. संध्याकाळी त्याने पाहुण्यांसाठी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, आणि वरून जाळ. शहरातली माणसं बोटं चाटत राहिली. एवढ्या शेंगा जगनच्या शेतात नव्हत्या. हव्या तेवढ्या त्याने वेणूच्या शेतातून तोडल्या, घरच्याच म्हणून.

मग दर आठवड्याला माणसं येऊ लागली. मला बघायची, बाणाकडे बघायची आणि वालात शिरायची. चांगली माणसं होती. कचरा टाकत नसत, झाडं तोडत नसत. पण शंभर पायांखाली वेल तो वेलच. बघता बघता शेताच्या मधोमध पांढरा पट्टा पडला. मी बोट दाखवायची आणि ते चालायचे. मला वाटायचं, माझा बाण पावसाने धुऊन जावा, वाळवी लागावी, काहीतरी व्हावं. पण ताहेरने रंग पक्का लावला होता.

माघात वेणू परत आली. हातात पिशवी, चेहरा नातवाच्या आनंदाने नुसता फुललेला. फाट्यावर आली आणि थांबली. आधी शेताकडे बघितलं, मग माझ्याकडे. जवळ येऊन तिने माझ्या कडेवरून हात फिरवला. ओळखलं तिने मला. लाकडाला लाज वाटते की नाही ते पंडितांनी ठरवावं, पण त्या क्षणी मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

जगन समोरून येत होता. तो वळणार होता, पण तिने हाक मारली.

"भावजी, ह्ये काय झालं? कोनी केला ह्यो रस्ता?"

तेव्हा सांगायला हवं होतं त्याने. दोन शिव्या मिळाल्या असत्या, दोन दिवस अबोला झाला असता, संपलं असतं. पण त्याने वेणूच्या चेहऱ्याकडे बघितलं. आणि तोंडातून निघालं, "सरकारचा हाय, वयनी. वरून आलाय. आपला काय चालतंय?"

मला वाटलं, ती भांडेल. कचेरीत जाईन म्हणेल. पण तिने मिठागर जाताना बघितलं होतं, सासऱ्याला रोज रिकामा परत येताना बघितलं होतं. तिने फक्त मान हलवली आणि म्हणाली, "ह्ये पन घेतलं म्हंजे." मग खाली बसून तुडवलेले वेल एक एक करून उपटू लागली. जगन तिथे उभा होता. त्याला पुढेही जाता येईना, मागेही.

त्या दिवसापासून जगनचं वागणं बघण्यासारखं झालं. सकाळी वेणूच्या दारात चिंबोऱ्या, खाडीतले ताजे खेकडे. दुसऱ्या दिवशी लाकडाची मोळी. तिच्या शेताचं कुंपण मोडलं होतं, ते न सांगता बांधून दिलं. सुनेकडून, मनस्वीकडून, डबा पाठवायचा तो वेगळाच. वेणू मनस्वीला म्हणायची, "अगो, तुझ्या सासऱ्याला झालंय तरी काय? यवरा गोड तर लग्नातपन नव्हता!" मनस्वी बिचारी हसायची, तिला काय ठाऊक? आणि जगन शेताजवळून जायचं टाळायचा. जायचीच वेळ आली तर माझ्या पाठीमागून जायचा, म्हणजे बाण दिसायला नको. कधी माझ्या खांबाला टेकून उभा राहायचा आणि पुटपुटायचा, "सांगतो. उंद्या सांगतो." असे किती उद्या गेले, ते मोजायचंही मी सोडून दिलं. मित्रांनो, मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची, कारण मीही तिथेच उभी होते, तसाच बाण रोखून.

एक दिवस फाट्यावर गाडी थांबली. प्रणित म्हणून एक तरुण उतरला. जमिनीचे व्यवहार जुळवून देतो, गोड बोलतो. वेणू त्याच्याशी माझ्या शेजारीच उभी राहून बोलली.

"मावशी, शेवटचं विचारतो, फायनल ना? मग उद्या रजिस्ट्रेशन करून टाकू. सकाळी गाडी घेऊन येतो."

"ये," वेणू म्हणाली. "आज रस्ता गेला, उंद्या बाकीचा जाईल. सरकारनं फुकट न्यावा त्यापेक्षा नातवाच्या नावानं चार पैसं तरी ऱ्हातील." आणि मग हळूच, जणू त्याला नाहीच सांगत, "माझा काय, मी उरनला जाईन पोरीकडं."

प्रणित गेला. वेणू बांधावर बसली आणि वालाशी बोलू लागली. काय बोलली ते मी सांगणार नाही. ते तिचं होतं. पण आत्तापर्यंत मला फक्त लाज वाटत होती, त्या दिवशी भीती वाटली. सरकारने तिच्याकडून काहीच मागितलं नव्हतं. एका खोट्या शब्दापायी आणि माझ्या एका बाणापायी ही बाई आपलं शेत विकायला निघाली होती, आणि मला तोंड नव्हतं.

डबा घेऊन आलेल्या मनस्वीने ते ऐकलं आणि घरी जाऊन सांगितलं असावं. कारण सकाळी प्रणितची गाडी आली तेव्हा जगन आधीच माझ्यापाशी उभा होता. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. वेणू नवं लुगडं नेसून आली होती, हातात कागदांची पिशवी. तेवढ्यात निशा मॅडमही आठ-दहा माणसांना घेऊन वाटेने आल्या. वेणूला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"तुम्हीच वेणूताई ना? किती दिवस भेटायचं होतं तुम्हाला! तुमच्या शेतातून वाट दिलीत, फार मोठं मन लागतं हो त्याला. थँक यू."

वेणूला काही कळेना. "मी? मी कुटं दिली? सरकारनं दिली ना?"

"सरकार?" निशा मॅडम गोंधळल्या. "नाही हो, सरकारचा काय संबंध? ही आमची वाट. जगनकाका म्हणाले की तुम्ही..."

आणि त्या थांबल्या. सगळ्यांनीच जगनकडे बघितलं. मला वाटलं, आता हा पुन्हा काहीतरी ठोकून देईल. पण जगनने खांद्यावरचा पंचा काढला, हातात घेतला आणि मान खाली घालून बोलला.

"वयनी, सरकार नाय. मीच. तुला इचारलंच नाय मी. मॅडमना बोललो तू हां बोललीस. तुला बोललो सरकारनं घेतला. बांधपन खचलेला नाय. मानसं माझ्या दारात यावी म्हनून बोललो. शाल मिलाली मना." त्याने हातातला पंचा पिळला. "शेत नको विकू, वयनी. कोनी नेत नाय तुझा शेत. चोर मी हाय."

वेणूने कागदांची पिशवी बांधावर ठेवली. प्रणितने घड्याळ बघितलं, निशा मॅडमनी त्याला डोळ्यांनीच दटावलं. शेवटी वेणू बोलली, आणि ती मुळीच ओरडली नाही.

"रोज सकाली यथं उभी ऱ्हाऊन मी सरकारला शिव्या घातल्या, भावजी. तोंडात येतील त्या. त्याचा निर्वंश होवो बोलले." तिने जगनच्या घराकडे बघितलं. "तुमच्या घरात लेकरं हायत. एक शब्द बोलला असता, तर माझ्या तोंडून त्ये गेलं असतं का?"

जगन मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण तिने त्याला उठवलं नाही. ती प्रणितला म्हणाली, "जा बाबा तू. शेत नाय इकायचा." मग निशा मॅडमकडे वळली. "तुमी तरी एकदा घरी यायचं होतं, बाय. माझा दार कुटं लांब हाय?"

निशा मॅडमनी विचारलं होतं, हे खरं. पण ज्याचं शेत त्याला विचारलं नव्हतं, हेही खरं. त्या एवढंच म्हणाल्या, "चुकलंच माझं, वेणूताई. आम्ही पाटी काढून टाकतो. वाट बांधावरूनच नेतो."

"पाटी ऱ्हाऊ द्या," वेणू म्हणाली. "ती माझ्या सासऱ्याच्या दरवाजाची हाय. बाण तेवढा काढा. बाण दिसला का मानूस तोंडच उघडत नाय."

ताहेर पुन्हा आला. त्याने रंधा मारून माझ्या अंगावरचा पिवळा बाण सोलून काढला. दुखलं, पण असं दुखणं हवंसं वाटलं. मग वेणूने सांगितलं तसं त्याने लिहिलं, "वाट वेणूताईला विचारा. ती नसली तर बांधावरून जा." ताहेर हसून म्हणाला, "भाभी, पत्ताच लिहिला की तुम्ही!"

आता चालणारी माणसं फाट्यावर येतात, मला वाचतात आणि हाक मारतात. वेणू कमरेवर हात ठेवून विचारते, कुठून आलात, कुठे निघालात, जेवलात का. मग बांध दाखवते. एखादं म्हातारं माणूस दमलेलं असलं तर शेतातूनही सोडते. तिच्या मनावर आहे. काहीजण तिच्याकडे पाणी पितात, काही वालाच्या शेंगा विकत नेतात. काहीजण मात्र मला वाचून नुसते खांदे उडवतात आणि शेतात घुसतात. त्यांना मी काही करू शकत नाही. माझ्याच्याने तेव्हाही काही झालं नव्हतं, ही बोच माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

परवाची गोष्ट. पुन्हा वाल फुलावर आला आहे, मधला पांढरा पट्टा जवळजवळ भरून आला आहे. जगन डोक्यावर भाताच्या पेंढ्याचा मोठा भारा घेऊन आला. त्या दिवसापासून तो वेणूच्या दारात डबे पाठवत नाही, आणि ती त्याच्याशी कामापुरतंच बोलते. जन्मभर तो या शेतातून मुकाट आडवा जायचा. पण परवा तो माझ्यासमोर थांबला. डोक्यावर भारा तसाच, मानेवरून घाम निथळतोय, आणि त्याने माझी अक्षरं एखाद्या परक्या माणसासारखी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग शेतात वाकलेल्या वेणूला हाक मारली.

"वयनी, जाव काय यथून?"

वेणूने वर बघितलं नाही. खुरपं थांबलं, एवढंच. मग ती म्हणाली, "बांधावरून."

"बरं," जगन म्हणाला, आणि भारा सावरत बांधावर चढला.

मित्रांनो, तुम्हीही कधी या बाजूला चालत आलात, तर माझ्यासारख्या पाट्यांवर डोळे मिटून विसंबू नका. ज्याच्या जमिनीवरून जायचं त्याला आधी हाक मारा, मग तो सख्खा भाऊ असो की अनोळखी बाई. आणि नाही म्हटलं तर रागावू नका. बांधावरूनही पोहोचता येतं, जरासं लांब पडतं, एवढंच.